काळी पूड आणि आईची घागर

लोखंडाचा कीस आणि चुंबक हा खेळ शाळेत सगळ्यांनीच खेळलेला असतो. मी तो पस्तिशी उलटल्यावर पुन्हा मांडला आणि त्याबद्दल विद्यापीठानं मला डॉक्टर केलं. हसण्यासारखीच गोष्ट आहे. फक्त आमच्या घरात त्यावर कुणी हसत नाही, आणि त्याचं कारण मीच आहे.

मी तेव्हा पुलगावच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. माहेर रोहण्याच्या बाजूला, एसटीनं तासाभराचं. घरी बाबा, भाऊ आणि वहिनी. कापूस-तुरीची शेती आणि घरामागच्या वावरात एक विहीर. आई नव्वदच्या दशकात गेली, मी नोकरीला लागल्यावर दोनच वर्षांनी. ताप आला, अंगावर काढला आणि आठ दिवसांत सगळं संपलं.

ती विहीर आईबाबांच्या लग्नानंतर खोदलेली. आईनं मातीच्या टोपल्या डोक्यावरून वाहिल्या तेव्हा मी तिच्या पोटात होते. पाणी लागल्यावर चार महिन्यांनी माझा जन्म झाला. त्यामुळं पाहुणा आला की बाबा सांगायचे, "मले दोन पोरी. मोठी इहीर अन् लहानी हे. मोठी कधी उलटून बोलत नाई." पाहुणे हसायचे, मला राग यायचा. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे कॉलेजातल्या मुलांनाही ठाऊक होतं, बाबा तर त्यावरच जगत होते.

आमच्याकडे अक्षय तृतीयेला, म्हणजे गावच्या बोलीत तिजेला, गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. मातीची नवी घागर, आत वाळा, तोंडावर आंबा, समोर पळसाच्या पत्रावळीवर आमरस, कुरड्या, वडे. आमच्या घरात ह्या रीतीला आणखी दोन अटी जोडलेल्या होत्या, आजोबांच्या वेळेपासूनच्या. पाणी आपल्याच विहिरीचं हवं, कारण ज्या पाण्यावर माणसानं दिवस काढले तेच त्याला द्यावं. आणि भरणाऱ्यानं आधी त्यातलं घोटभर स्वतः प्यायचं. जे आपण पीत नाही ते त्यांना पाजायचं नाही. शेजारीपाजारी कुणी असं करत नव्हतं, पण बाबा ह्यात तसूभरही हलत नसत.

आणि नेमकी तीच विहीर बिघडली.

नाल्याच्या वरच्या अंगाला एका बाहेरच्या माणसानं टिनाचं शेड टाकलं होतं. ब्लँकेटांचं सूत रंगवायचं काम. गावातल्या काही जणांना तिथं रोजी मिळाली, त्यामुळं नाला आज गुलाबी, उद्या निळा दिसला तरी लोक कौतुकच करायचे. आई गेल्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात वहिनीनं विहिरीतून बादली काढली आणि बाबांना हाक मारली. पाणी आळत्यासारखं लाल-गुलाबी होतं. वहिनीला वाटलं, कुणीतरी खोडी केली. तीन दिवस मोटार लावून विहीर उपसली, पाणी पुन्हा तसंच आलं. अर्ज झाले, माणसं आली, बाटल्या भरून घेऊन गेली. त्या बाटल्यांचं पुढं काय झालं ते देवाला ठाऊक. नंतर शेड बंद पडलं, मालक गाव सोडून गेला आणि रंग तेवढा आमच्याकडे ठेवून गेला.

प्यायला मग गावातली बोरिंग, म्हणजे हातपंप. पाणी मचूळ, डाळ शिजायला दुप्पट वेळ. त्या वर्षी तिजेला बाबांनी आईची घागर बोरिंगच्या पाण्यानं भरली. आधी घोटभर प्यायले, तोंड वाकडं झालं. मग घागरीसमोर हात जोडून म्हणाले, "औंदा हेच आहे. चालवून घेजो." पुढच्या वर्षी तेच म्हणाले. त्याच्या पुढच्या वर्षी काही म्हणालेच नाहीत, नुसते हात जोडले. मला ते न बोलणं फार लागलं.

दोन हजार सालानंतर मी नागपूरला एका सरांकडे पीएच.डी.साठी नाव घातलं. सर निवृत्तीला आलेले, बारीक चणीचे, बोलणं तुरटीसारखं. त्यांनी मला विषय दिला तो चुंबकानं ओढले जाणारे सच्छिद्र कण बनवण्याचा. पाण्यात कण टाकायचे, त्यांनी घाण धरून ठेवायची, मग बाहेरून चुंबक लावून घाणीसकट कण बाजूला काढायचे. गाळणी नको, वीज नको. सर म्हणाले, "कोणती घाण काढायची ते तुम्ही ठरवा, मॅडम." मला ठरवायला एक मिनिटही लागलं नाही. पुढच्याच आठवड्यात मी माहेरच्या विहिरीच्या पाण्याचा पाच लिटरचा डबा भरून कॉलेजात आणला.

कृती सांगायला सोपी आहे. हिराकस आणि फेरिक क्लोराइड गरम पाण्यात विरघळवायचं. पिवळट-तांबूस पाणी होतं. त्यात घोटत घोटत अमोनिया सोडायचा. नाक जळतं, डोळ्यांतून धारा लागतात, आणि एका क्षणी सगळं पाणी काजळासारखं काळं होतं. हे लोखंडाच्या ऑक्साइडचे कण, इतके बारीक की चिमटीत घेतले तरी बोटाला टोचत नाहीत. चुंबक लावला की सगळा काळोख काचेच्या त्या बाजूला धावतो. चुंबकही काही मोठे नव्हते. पुलगावला स्टेशनच्या रस्त्यावर रेडिओ-टेप दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते, त्यांनी जळक्या स्पीकरमधले गोल चुंबक मला वर्तमानपत्रात गुंडाळून दिले होते. एका बाईला हे कशाला हवेत, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर होता, विचारला मात्र नाही.

पण उघडे कण गंजतात, एकमेकांना चिकटून बसतात. म्हणून त्यांच्यावर वाळूच्याच जातीचा एक थर चढवायचा. आणि तो थर घट्ट असून उपयोग नाही, त्याला छिद्रं हवीत, कारण घाण बसते ती छिद्रांत. त्यासाठी थराच्या द्रावणात साबणासारखा एक पदार्थ मिसळायचा, थर बसला की भट्टीत तापवून तो जाळून टाकायचा. साबण जातो, त्याच्या जागा उरतात. अनारशाला जाळी पडते तसंच. आमच्याकडे अनारशाला जाळी पडली नाही तर सून वाया, आणि माझ्या कणाला पडली नाही तर पीएच.डी. वाया, असं मी सरांना म्हटलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

मी दीड वर्ष नुसतंच वाया घालवलं. भट्टी जास्त तापली की काळी पूड लाल व्हायची, हुबेहूब गेरू, आणि चुंबकाला ओळखसुद्धा दाखवायची नाही. कमी तापली की साबण आत राहायचा. मध्येच भारनियमनाची वेळ व्हायची आणि भट्टी अर्ध्यावर थंड. एकदा सगळ्या महिन्याची मेहनत लाल झाली, ती बाटली घेऊन मी सरांकडे गेले. त्यांनी ती उजेडात धरली. म्हणाले, "छान आहे. तुळशीवृंदावन रंगवा." मी बसमध्ये येताना रडले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हिराकस तोलायला घेतला.

शेवटी एका फाल्गुनात जमलं. काळी, मऊ, छिद्रांची पूड. घरच्या विहिरीचं गुलाबी पाणी ग्लासात घेतलं, चमचाभर पूड टाकली, ढवळलं, वाट पाहिली, बुडाला चुंबक धरला. काळं सगळं खाली बसलं आणि वर पाणी असं निवळ होतं की पलीकडचं कॅलेंडर वाचता आलं. मी त्या रिकाम्या प्रयोगशाळेत एकटी टाळ्या वाजवत होते.

सरांना फोन केला. ते म्हणाले, "रंग गेला, उत्तम. आता रंगाबरोबर आणखी काय काय होतं आणि ते गेलं का, ते बघा. पाण्यात डोळ्यांना दिसतं तेवढंच नसतं." मी त्याच आठवड्यात नमुना नागपूरच्या एका प्रयोगशाळेत पाठवला. तिथं नमुन्यांची रांग होती, अहवालाला दोन-तीन महिने लागतील असं कळलं. तिज महिन्यावर आली होती.

आता माझा उतावळेपणा बघा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, मी तर बाशिंग बांधून वरातीतच निघाले होते. मी बाबांना कळवून टाकलं की यंदा आईची घागर आपल्याच विहिरीच्या पाण्यानं भरायची. दोन डबे पूड केली, रोज कॉलेज संपल्यावर, हात काळे होईपर्यंत. ते काळेपण नखांतून निघायला पावसाळा लागला.

तिजेच्या सकाळी अंगणात बाबा, भाऊ, वहिनी उभे. मी पितळी गुंडात, म्हणजे हंड्यासारख्या भांड्यात, विहिरीचं पाणी घेतलं, पूड टाकली, काठीनं घोटलं. गुंडाच्या बुडाखाली चार चुंबक ठेवले. थोड्या वेळानं वहिनीनं वरचं पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात ओतून घेतलं. भाऊ म्हणाला, "अरे बाप्पा!" बाबा पुढं आले. त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, उन्हात धरलं, बोटांतून गळू दिलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "पेण्याजोगं आहे न?"

मी थांबले. फार नाही, एखादा श्वास. मनात आलं, अहवाल यायचा आहे. मनात हेही आलं की घोटभर पाण्यानं कुणाला काय होतं. आणि बाबांचा चेहरा असा होता की आई गेल्यापासून तसा मी पाहिला नव्हता.

"हो," मी म्हणाले.

बाबा घोटभर प्यायले. डोळे मिटून प्यायले. "तेच आहे," म्हणाले. "तीच चव." मग त्यांनी घागर भरली, वाळा टाकला, आंबा ठेवला, आणि आईशी बोलायला लागले, जणू ती चुलीपाशी बसली आहे. "घे वं. पोरीनं केलं. लहानीनं मोठीले बरी केली." मी घरात जाऊन तोंडावर पदर घेतला. इतका आनंद मला त्याआधी झाला नव्हता, नंतरही झाला नाही.

निघताना बाबा म्हणाले, "पूड ठेवून जाजो."

"काऊन? एकदाच तं लागते."

"असू दे. पुढच्या सालाले."

मी दोन्ही डबे ठेवून आले. खरं सांगायचं तर मनातून सुखावले होते. बापानं लेकीचं काम मागून ठेवून घेतलं, आणखी काय हवं!

अहवाल लांबत लांबत श्रावणात आला. रंग जवळजवळ शून्य. क्रोमियम मात्र जसं होतं तसंच, पिण्याच्या पाण्यात चालतं त्याच्या कितीतरी वर. मी तो कागद घेऊन सरांकडे गेले. सरांनी चष्मा काढला. त्यांनी कागदावर दोन रेघा मारून दाखवलं ते मला एरवी वर्गातही शिकवता आलं असतं. माझ्या थरावर ऋण भार. रंगाच्या रेणूंवर धन भार, म्हणून ते धावत येऊन छिद्रांत बसले. क्रोमियम पाण्यात होतं तेही ऋण भाराचं, म्हणून माझ्या थरानं त्याला दूर लोटलं. सूत रंगवताना रंग पक्का करायला जे वापरत असतील त्याचं ते उरलेलं. आधी पाणी गुलाबी होतं तेव्हा निदान माणूस त्याला भिऊन होता. मी त्यातला इशारा तेवढा काढून टाकला होता आणि विष ठेवलं होतं.

सर म्हणाले, "कुणी प्यायलं तर नाही ना?"

"घोटभर," मी म्हणाले. "एकदाच."

पुढच्या रविवारी गावाला जाऊन सांगायचं असं मी ठरवलं. त्या रविवारी पेपर तपासायचे होते. त्याच्या पुढच्या रविवारी नाल्याला पूर होता. मग एक रविवार नुसताच गेला. खोटं कशाला बोलू, मला तो "हो" परत घ्यायची लाज वाटत होती. वर्गात साठ मुलांसमोर चुकलेलं समीकरण पुसताना मला कधी काही वाटलं नाही. पण बाबांसमोर जाऊन, तुम्ही प्यायलात ते पिण्याजोगं नव्हतं, हे वाक्य मला जुळवता येईना. एवढी काय घाई, घरी तर बोरिंगचंच पाणी आहे, पूड पुढच्या वर्षासाठी आहे, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिले. समजूत घालण्यात माणूस फार हुशार असतो, आणि मी तर शिकलेली.

दिवाळीला गेले. बाबा वावरातून आले, पाय धुतले, आणि ओसरीवरच्या माठातलं पाणी दोन लोटे घटाघटा प्यायले. माठाशेजारी पितळी गुंड होता. गुंडाच्या बुडाला माझे चारही चुंबक फडक्यानं नीट बांधलेले होते.

"बाबा, हे काय?"

त्यांना तेच हवं होतं. मोठ्या अभिमानानं त्यांनी मला सगळं दाखवलं. "पुडीत रंग भरला का मी मिठाच्या पाण्यानं धुतो, उन्हात वाळवतो. पुन्हा तशीच काम देते. तू मले सांगतलं नाई, मीच शोधून काढलं." भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या, प्रत्येक धुण्याची एक. माझ्या प्रबंधात एक तक्ता होता, पूड किती वेळा वापरता येते त्याचा. बाबा त्या तक्त्याच्या कधीच पुढं निघून गेले होते.

"कधीपासून पेऊन राह्यले तुम्ही?"

"तिजेपासून. रोज. हे बोरिंगचं कोन पेते आता? तुहा भाऊ अन् वहिनी नाई पेत, त्याह्यले सवय झाली त्या मचुळाची. मी म्हटलं, आपल्या घरात इहीर बरी झाली अन् आपुन काऊन बाहेर जा?"

मग मी सांगितलं. ओसरीच्या पायरीवर बसून सगळं सांगितलं, नागपूरचा कागद, रंग, क्रोमियम, श्रावणात कळलं तेही. भाऊ बैलांना चारा टाकत होता, तो तसाच उभा राहिला. तो माझ्यावर ओरडेल असं मला वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. नंतर म्हणाले, "म्हंजे तिजेलेही ते होतंच पाण्यात?"

"हो."

"मंग तुह्या मायले काय पाजलं मी?"

मला ह्याची कल्पनाच नव्हती. सांगता सांगता मी त्यांच्या मूत्रपिंडांचा, यकृताचा विचार करत होते. तपासणी कुठं करायची, वर्ध्याला की नागपूरला, तेही मनात ठरवत होते. घाबरून मी बोलून गेले, "बाबा, गेलेल्या माणसाले काय होते त्यानं?"

"तिले नाई होत," बाबा म्हणाले. "मले होते."

ते उठले, गुंडाचं फडकं सोडलं, चुंबक धुऊन माझ्या हातात दिले. पुडीचे डबे माळ्यावर टाकले. मला एक शब्द बोलले नाहीत, ना तेव्हा ना नंतर. रागावून बोलायचे ते बाबा मला पाठ होते, त्या बाबांशी मी जन्मभर भांडत आले होते. हे मुकाट बाबा मला ठाऊकच नव्हते. पुढच्या तिजेला त्यांनी घागर भरली नाही. "एक साल जाऊ दे," म्हणाले. "कोण्या तोंडानं भरू?" त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच झालं. घरातल्या कोनाड्यात आईचा फोटो होता, तिजेच्या दिवशी ते त्या खोलीत जायचं टाळत.

मी मात्र सुडानं कामाला लागले. थरावर आता आणखी एक थर हवा होता, अमाइनचा, धन भार धरणारा, म्हणजे क्रोमियम आपण होऊन येऊन बसेल. तो थर टिकेना. धुतला की निघून जायचा, फार चढवला की छिद्रंच बुजायची. सर तोवर निवृत्त झाले होते, पण घरी बोलवून माझे आकडे बघायचे. एकदा मी म्हटलं, "सर, प्रबंध पूर्ण झाला आहे, तुम्ही सही केलीत, मग मी हे कशाला करते आहे?" सर म्हणाले, "ते मला कसं ठाऊक असणार?" आणि चहा मागवला. मी आता प्रत्येक नमुना तीन ठिकाणी पाठवत होते, आणि कागद हातात आल्याशिवाय कुणालाही "हो" म्हणत नव्हते. विद्यार्थी मला संशयी म्हणायला लागले.

ह्या काळात बाबांच्या पायांवर सूज यायला लागली. सकाळी डोळ्यांखाली. भावानं त्यांना वर्ध्याला दाखवलं, मूत्रपिंडं थकली आहेत असं निदान झालं. मी डॉक्टरांना एकटीला गाठून सगळी हकीकत सांगितली. सहा महिने, रोज, इतकं इतकं पाणी. डॉक्टर तरुण होते, भले होते. म्हणाले, "त्यांचं बीपी जुनं आहे, कधी औषध घेतलं नाही. वयही आहे. पाण्यामुळंच झालं असं मी म्हणू शकत नाही." मग म्हणाले, "पाण्यामुळं झालं नाही असंही म्हणू शकत नाही." मी आयुष्यभर मोजण्याचंच काम केलं. हे एक मोजता आलं नाही.

नवी पूड जमली तेव्हा बाबा वर्ध्याच्या दवाखान्यात होते. तिन्ही ठिकाणचे कागद एकाच आठवड्यात आले. रंग नाही, क्रोमियम नाही, दुसरंही काही नाही. मी ते कागद पर्समध्ये घालून पुलगावहून गाडी पकडली. भाऊ औषधं आणायला खाली गेला होता. खाटेवर बाबा भिंतीला टेकून बसले होते, खूप लहान दिसत होते. मी त्यांना सांगितलं. सावकाश, एकेक कागद दाखवून.

"बरं झालं," ते म्हणाले.

"बाबा, औंदा तिजेले आईची घागर भरू. तुमच्या हातानं."

त्यांनी कागदांची घडी करून ते उशाशी ठेवले. मग म्हणाले, "पाणी दे."

डॉक्टरांनी दिवसाचं पाणी मोजून दिलेलं होतं, त्यातलं थोडं शिल्लक होतं. मी दवाखान्यातल्या फिल्टरचं पाणी ग्लासात ओतून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ग्लास तोंडाशी नेला आणि थांबले.

"कुठलं व्हय?"

"इथल्या फिल्टरचं, बाबा."

"पेण्याजोगं आहे न?"

"हो."

हे त्यांनी टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तसं असतं तर मी ओळखलं असतं, बाबांचे टोमणे मी ओळखते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "हो" म्हटल्यावर त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, एखादी अनोळखी बाई रस्ता सांगते तेव्हा बघावं तसं. मग ग्लास माझ्या हातात परत दिला.

"राहू दे," म्हणाले. "तुहा भाऊ येऊ दे. मंग पेतो."

भाऊ अर्ध्या तासानं आला. त्यानं तोच ग्लास उचलला, तेच पाणी त्यांच्या ओठांना लावलं, आणि बाबा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. सकाळपासून ते पाणी मागत होते, असं शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या बाईंनी मला सांगितलं.

बाबा त्याच महिन्यात गेले. वर्ष सरल्यावर तिज आली. वहिनीनं दोन नव्या घागरी आणून ओसरीवर ठेवल्या, एक आईची, एक बाबांची. माझ्या नव्या पुडीनं निवळलेलं विहिरीचं पाणी एका कोपऱ्यात झाकून ठेवलेलं होतं. तीन कागदांचं पाणी. मी स्वतः ते महिनाभर पीत होते.

वहिनी म्हणाली, "ताई, कोणतं भरू?"

मी त्या पाण्याकडे बघितलं. मग तिला म्हटलं, "बोरिंगचं भर. अन् तू नको भरू, मी पण नाई भरत. भाऊले बोलाव."